फायर सायडर घरी करताना: बरणीतल्या पाण्याचा आणि आम्लाचा हिशेब

काही वर्षे न्यू जर्सीत राहून आता नाशिकला परतलेल्या एका वाचकांनी विचारले आहे की, तिकडे हिवाळ्यात पिण्याची सवय लागलेले ‘फायर सायडर’ (कांदा, आले, लसूण, मिरची असे तिखट घटक सफरचंदाच्या व्हिनेगरात मुरवून, गाळून, मध घालून केलेले पेय) त्यांनी घरी करून पाहिले, पण पाचव्या दिवशी बरणीत बुडबुडे दिसू लागले, लसूण निळसर-हिरवा झाला आणि पत्र्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला गंज चढला. त्यांचे प्रमाण असे होते: एक लिटरच्या बरणीत चिरलेला कांदा, आले, लसूण, मुळा आणि मिरची मिळून ४०० ग्रॅम, त्यावर ४ टक्के तीव्रतेचे सफरचंदाचे व्हिनेगर २०० मिलीलिटर, फार आंबट होऊ नये म्हणून तितकेच पाणी, आणि सुरुवातीलाच १०० मिलीलिटर मध. हे सारे टाकून द्यावे का, मूळ कृती नेमकी कोणती, हॉर्सरॅडिश (झणझणीत चवीचे एक विलायती मूळ) मिळत नाही तर त्याऐवजी काय घालावे, आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असलेल्या वडिलांना व पाच वर्षांच्या मुलीला हे देता येईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते थांबून चालणार नाही. ही बरणी टाकून द्यावी. चाखून पाहू नये, उकळून वाचवण्याचा प्रयत्न करू नये आणि वर आणखी व्हिनेगर ओतून ती ‘दुरुस्त’ही करू नये. मात्र त्याचे कारण आपल्याला वाटते ते, म्हणजे लसणाचा रंग, नाही. तो हिरवा लसूण निर्दोष आहे. दोष त्या २०० मिलीलिटर पाण्यात आहे, आणि काही अंशी मध घालण्याच्या वेळेत.

मी लोणची, मुरांबे, सरबते करण्याचे आणि शिकवण्याचे काम अनेक वर्षे करते आहे. या कामात कृती विचारणारे पुष्कळ भेटतात. त्या कृतीत पदार्थ टिकतो तो कशामुळे, हे विचारणारे मोजके. फायर सायडरमध्ये कांदा थोडा कमी, आले थोडे जास्त, मिरची लवंगी की ब्याडगी, तुळस घालावी की नाही, या सगळ्यांत घरोघरी फरक पडला तरी काही बिघडत नाही. बिघडते ते एकाच ठिकाणी: बरणीतल्या एकूण पाण्याच्या मानाने आम्ल किती उरले, यात चूक झाली की. म्हणून आपल्या साऱ्या प्रश्नांकडे मी याच हिशेबाच्या अंगाने पाहणार आहे.

आपल्याच आकड्यांवरून हिशेब मांडू. ४ टक्के तीव्रतेच्या २०० मिलीलिटर व्हिनेगरात सुमारे ८ ग्रॅम ॲसेटिक आम्ल असते. आपण त्यात २०० मिलीलिटर पाणी घातले. परंतु बरणीतले पाणी एवढेच नाही. कांद्यात वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक, मुळ्यात जवळजवळ ९५ टक्के, आल्यात ८० टक्क्यांच्या आसपास आणि लसणात साधारण ६० टक्के पाणी असते. चिरलेल्या भाज्या आम्लात पडल्या की हे पाणी हळूहळू बाहेर येते आणि आम्ल आत जाते. काही दिवसांनी आत-बाहेर आम्लता सारखी होते. आपल्या ४०० ग्रॅम भाज्यांनी अशा रीतीने आणखी ३०० मिलीलिटरहून अधिक पाणी आणले. मधाचे १०० मिलीलिटर धरले, तर ८ ग्रॅम आम्ल सुमारे ८०० मिलीलिटरमध्ये पसरले. म्हणजे बरणीत उरले १ टक्का. एवढ्या सौम्य आम्लात यीस्ट आनंदाने वाढते, आणि त्याला खायला मधातली साखर आपण पहिल्याच दिवशी दिली होती. बुडबुडे तिथून आले.

मध स्वतः वर्षानुवर्षे टिकतो, मग तो घातल्याने पदार्थ कसा बिघडेल, असे अनेकांना वाटते. पक्व मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा कमी असते आणि साखर इतकी दाट असते की सूक्ष्मजीवांना वापरण्याजोगे पाणी त्यात जवळपास उरतच नाही. मधाचे सामर्थ्य त्या दाटपणात आहे. त्यात पाणी मिसळले की ते सामर्थ्य संपते आणि उरते ते केवळ गोड पाणी. फायर सायडरमध्ये मध टिकवण्याचे काम करत नाही. ते काम संपूर्णपणे व्हिनेगर करते. मध चवीसाठी आणि घशासाठी असतो, आणि म्हणून तो शेवटी, गाळून झाल्यावर घालावा.

आता बुडबुडे म्हणजे साधे आंबणेच असेल, तर घाबरण्याचे कारण काय, असाही प्रश्न येईल, कारण आंबवलेले पदार्थ आपण आवडीने खातो. येथे लसूण, आले, कांदा आणि मुळा हे सारे मातीतून येणारे आणि मुळात अल्पाम्ल पदार्थ आहेत, हे लक्षात घ्यावे लागते. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. हवा नसलेल्या आणि पुरेसे आम्ल नसलेल्या जागी ते वाढतात आणि मज्जासंस्थेवर आघात करणारे विष तयार करतात. त्या विषाला वास, चव किंवा रंग असेलच असे नाही. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे एका उपाहारगृहातील तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला होता. तो लसूण शीतपेटीबाहेर ठेवलेला होता आणि त्यात आम्ल नव्हते. सामू, म्हणजे पीएच, ४.६ च्या खाली असेल तर हे बीजाणू रुजत नाहीत. सफरचंदाच्या व्हिनेगराचा सामू साधारण २.५ ते ३.५ असतो, त्यामुळे नीट केलेले फायर सायडर या मर्यादेपासून पुष्कळ लांब असते. आपल्या बरणीचा सामू ४.६ च्या वर गेलाच होता असे मी म्हणत नाही. बहुधा गेला नसेल. परंतु ज्या बरणीत किती आम्ल उरले हे सांगता येत नाही आणि आंबणे मात्र डोळ्यांना दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नये, असा माझा नियम आहे, आणि विद्यार्थ्यांनाही मी तो सवलत न देता सांगते.

मूळ कृतीच्या प्रश्नाकडे वळू. आज जगभर ‘फायर सायडर’ या नावाने ओळखले जाणारे हे पेय अमेरिकेतील वनौषधी-अभ्यासक रोझमेरी ग्लॅडस्टार यांनी लोकप्रिय केले. १९८० च्या आसपास कॅलिफोर्नियात त्या वनौषधींचे शिक्षण देत असताना तेथील स्वयंपाकघरात ही कृती घडली: हॉर्सरॅडिश, आले, कांदा, लसूण आणि तिखट लाल मिरची सफरचंदाच्या व्हिनेगरात तीन-चार आठवडे मुरवायची, गाळायची आणि मध घालायचा. पुढे मॅसॅच्युसेट्समधील एका कंपनीने २०१२ मध्ये हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले, त्यावरून अमेरिकेतील वनौषधी-व्यावसायिकांत मोठा वाद झाला, आणि २०१९ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने हे नाव सर्वसाधारण आहे, ते कोणा एकाच्या मालकीचे होऊ शकत नाही, असा निर्णय दिला. तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण व्हिनेगर आणि मध यांच्या मिश्रणाची मुळे त्याहून कितीतरी जुनी आहेत. ग्रीक वैद्यकात हिप्पोक्रेटसच्या परंपरेतील ग्रंथांत ते ‘ऑक्सिमेल’ या नावाने येते, आणि युनानी वैद्यकातील सिकंजबीन हे त्याच कुळातले. आपल्याकडे युनानी औषधांच्या दुकानात ते आजही मिळते. म्हणून आपल्याला दहा ठिकाणी दहा कृती दिसल्या, यात नवल नाही. घटक बदलण्याची मुभा या पेयाच्या स्वभावातच आहे. व्हिनेगर पाण्याने पातळ करण्याची मुभा मात्र त्यांतल्या कोणत्याही चांगल्या कृतीत आपल्याला आढळणार नाही.

हॉर्सरॅडिशच्या पर्यायाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण मराठी स्वयंपाकघराला याचे उत्तर आधीपासून ठाऊक आहे. हॉर्सरॅडिशचे मूळ अखंड असताना त्याला फारसा वास नसतो. ते किसले की पेशी फुटतात, मायरोसिनेज नावाचे विकर (एन्झाइम) सिनिग्रिन या घटकावर काम करते आणि ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होते. नाकात जाणारी, डोळ्यांत पाणी आणणारी ती झणझणीत वाफ म्हणजे हेच द्रव्य. आपल्या काळ्या-तपकिरी मोहरीतही तेच सिनिग्रिन, तेच विकर आणि तेच द्रव्य असते. लोणच्यासाठी मोहरी फेसताना ती पाण्याचा हबका देऊन घोटली जाते आणि ती ‘चढली’ की नाकात झिणझिण्या येतात. हॉर्सरॅडिश किसताना घडते ते हेच. पिवळ्या मोहरीतला घटक वेगळा असतो. तिचा तिखटपणा जिभेवर राहतो, नाकात चढत नाही. तेव्हा पर्याय म्हणून काळी-तपकिरी मोहरीच घ्यावी.

येथे एक बारकावा आहे, आणि बहुतेक कृतींत तो लिहिलेला नसतो. आम्ल पडले की हे विकर थंडावते. मोहरी अख्खी तशीच व्हिनेगरात टाकली, तर महिनाभर मुरूनही ती नाकात चढत नाही. म्हणून दोन लहान चमचे मोहरी कोरडी भरड कुटावी, तिच्यात दोन-तीन चमचे गार पाणी घालून खलात घोटावी, दहा मिनिटे झाकून ठेवावी आणि मग व्हिनेगरात मिसळावी. कढत पाणी वापरू नये. त्याने विकर नष्ट होते आणि मोहरी कडू लागते. परदेशात हॉर्सरॅडिश हाताशी असेल, तर तेही किसून तीन-चार मिनिटे तसेच ठेवून मगच व्हिनेगर घालावे. सौम्य हवे असेल तर लगेच घालावे. एवढ्या एका गोष्टीने पेयाचा तिखटपणा आपल्या हाती राहतो.

आपण मुळा वापरला होता. मुळ्यातही त्याच कुळातला तिखटपणा आहे, पण त्याच्या ९५ टक्के पाण्याने आम्ल फार पातळ होते आणि मुरल्यावर वासही उग्र येतो. मी तो या पेयात घालत नाही. शेवग्याच्या मुळाची चव हॉर्सरॅडिशसारखी असते, आणि इंग्रजांच्या काळात येथील गोरे लोक ते त्याऐवजी वापरत; शेवग्याचे एक इंग्रजी नावही त्यावरूनच पडले. तरीही तो प्रयोग कृपा करून करू नये. शेवग्याच्या मुळाच्या सालीत अपायकारक अल्कलॉइडे असतात, आणि गरोदर स्त्रियांसाठी तर ते मूळ वर्ज्यच आहे.

व्हिनेगर निवडताना बाटलीची मागची बाजू वाचावी. पाश्चात्त्य कृती ५ टक्के आम्लतेचे व्हिनेगर गृहीत धरतात. भारतात आंबवून केलेल्या व्हिनेगरात किमान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल असले की ते नियमांत बसते, त्यामुळे आपल्या दुकानांत ४ टक्क्यांचे व्हिनेगर सर्रास मिळते. तिकडची कृती इकडच्या बाटलीवर जशीच्या तशी उतरवली की आम्ल आपोआप पाचव्या हिश्श्याने कमी होते. ५ टक्क्यांची बाटली मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर भाज्या कमी घ्याव्यात. कृत्रिम व्हिनेगर, म्हणजे ॲसेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेले, टिकवण्याच्या दृष्टीने चालते, पण त्याची चव कोरडी आणि बोचरी असते. चमच्याने प्यायच्या पदार्थासाठी मी ते घेणार नाही. गोव्यातील माडाच्या ताडीचे व्हिनेगर चवीला फार सुरेख असते आणि आल्या-लसणाशी त्याचे जुने नाते आहे. ते घरगुती असेल, तर त्याची तीव्रता लिहिलेली नसते, म्हणून महिनाभर मुरवण्यासाठी ते वापरू नये. आम्लता छापलेली बाटलीबंद मिळाली तर जरूर वापरावे. लिंबाच्या रसात किंवा कोकमाच्या आगळात हेच करता येईल का, असेही लोक विचारतात. ते वेगळे आणि ताजे पिण्याचे पदार्थ आहेत. या कृतीत त्यांची अदलाबदल करू नये.

आता प्रमाण. एक लिटरच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीसाठी मी १०० ग्रॅम आले, १०० ग्रॅम कांदा, ५० ग्रॅम सोललेला लसूण, ५० ग्रॅम ओली हळद, तीन-चार लवंगी मिरच्या, वर सांगितल्याप्रमाणे घोटलेली मोहरी, एक लहान चमचा ठेचलेले मिरे आणि दालचिनीचा बोटभर तुकडा घेते, आणि त्यावर ६५० मिलीलिटर व्हिनेगर ओतते, मोहरी घोटण्यापुरते सोडून पाण्याचा थेंबही न घालता. हे घटक मिळून साधारण २६० मिलीलिटर पाणी सोडतात. ५ टक्क्यांच्या व्हिनेगराने बरणीत शेवटी सुमारे ३.५ टक्के आणि ४ टक्क्यांच्या व्हिनेगराने सुमारे २.८ टक्के आम्ल राहते. गाळल्यावर मिळणाऱ्या ६५० मिलीलिटर द्रवात २०० मिलीलिटर मध घातला, तरी ते अनुक्रमे २.७ आणि २.२ टक्क्यांच्या आसपास उरते. तयार पेयात आम्ल २ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचे नाही, अशी मी स्वतःसाठी रेघ आखून घेतली आहे, आणि घटक बदलताना मी प्रत्येक वेळी हा हिशेब पुन्हा करते. तुळस, सुंठ, मिरे, चक्रफूल, लवंग यांसारखे सुके घटक आम्ल पातळ करत नाहीत, म्हणून त्यांच्याबाबत हात सैल सोडायला हरकत नाही. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या फोडी बऱ्याच कृतींत असतात. आतल्या पांढऱ्या सालीने पेय कडवट होते, म्हणून हवे तर वरची पिवळी साल तेवढी किसून घालावी.

मार्गशीर्ष आणि पौष हा यासाठी उत्तम काळ आहे. त्या दिवसांत बाजारात ओली हळद येते आणि नवे आले रसदार असते. सगळे स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडे करून बारीक चिरावे किंवा किसावे. अख्ख्या पाकळ्या टाकू नयेत. आम्ल पाकळीच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तो गाभा आम्लाविनाच राहतो. बरणी लोणच्याच्या शिस्तीने धुऊन-वाळवून घ्यावी. चिनी मातीची जुनी बरणी वापरू नये, कारण तिच्या झिलईत शिसे असू शकते आणि व्हिनेगर ते ओढून घेते. झाकण प्लास्टिकचे किंवा काचेचे असावे. पत्र्याचेच असेल, तर मध्ये बटर पेपरचे दोन थर द्यावेत. आपल्या झाकणाला गंज चढला तो व्हिनेगराच्या वाफेमुळे, आणि तो गंज पेयात गळून पडला असेल, तर तेवढे एक कारणही ती बरणी टाकायला पुरेसे होते. लोणच्याच्या बरणीला बांधतो तसा नुसता दादरा बांधून चालत नाही. महिनाभरात द्रव आटत जातो.

बरणी अंधाऱ्या, गार जागी तीन ते चार आठवडे ठेवावी आणि रोज एकदा हलवावी. पहिल्या आठवड्यात काही तुकडे वर तरंगतात. ते कोरड्या चमच्याने खाली दाबावेत, कारण द्रवाच्या वर उघडा राहिलेला तुकडा हा बुरशीला आमंत्रण देतो. पृष्ठभागावर काय दिसते, यावरून निर्णय घ्यायला शिकावे. गुळगुळीत, अर्धपारदर्शक, जेलीसारखा पडदा दिसला, तर ती व्हिनेगराची ‘मदर’ आहे, म्हणजे व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंनी विणलेला सेल्युलोजचा थर; तो काढून टाकावा, पेय चांगले असते. कापसासारखी, हिरवट, काळी किंवा गुलाबी, कोरडी वाढ दिसली, तर ती बुरशी आहे आणि सगळे फेकावे. भाज्या भरल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे वर येतात, त्याची काळजी नको. आपल्या बरणीत झाले तसे पाचव्या दिवशी नव्याने सुरू होणारे आणि झाकण उघडताना फसफसणारे बुडबुडे ही वेगळी गोष्ट आहे.

लसणाच्या रंगाबद्दल आपल्या मनातली भीती पूर्ण जावी, म्हणून सांगते. लसूण चिरल्यावर त्याच्यातली गंधकयुक्त द्रव्ये मोकळी होतात आणि आम्लाच्या सान्निध्यात अमिनो आम्लांशी जुळून निळी-हिरवी रंगद्रव्ये बनवतात. थंडीत किंवा शीतगृहात राहिलेल्या लसणात हे अधिक होते. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यातील लाबा सणाच्या वेळी लसूण मुद्दाम व्हिनेगरात घालून असा हिरवागार करतात आणि तो रंग तेथे उत्तम मुरल्याची खूण मानला जातो.

मुरल्यावर मलमलीच्या कापडातून गाळावे आणि चोथा घट्ट पिळावा. चांगला अर्क त्यातच अडकलेला असतो. मोहरीमुळे द्रव गढूळ दिसेल, तो रात्रभर ठेवला की गाळ बसतो. ज्यांच्याकडे पीएच मीटर आहे त्यांनी या वेळी मोजावे; ४ च्या खाली आकडा आला पाहिजे, आणि वरच्या प्रमाणाने तो सहज येतो. कागदी पट्ट्यांवर मात्र विसंबू नये, कारण हळदीचा पिवळा रंग पट्टीवर चढून वाचन फसवते. मग मध घालावा. मध गरम करू नये, असे आयुर्वेद सांगतो आणि तापवल्याने त्याचा सुवास व विकरे जातात, हेही खरे आहे. येथे तापवण्याची गरजच नाही. मध घट्ट बसला असेल, तर त्याची बाटली कोमट पाण्यात उभी ठेवावी आणि सैल झाला की ढवळून मिसळावा. किती घालावा, हे चवीवर आहे. ६५० मिलीलिटरला १५० पासून सुरुवात करून चाखत जावे आणि २०० च्या पुढे जाऊ नये. तयार पेय बाटलीत भरून शीतपेटीत ठेवावे आणि चार-पाच महिन्यांत संपवावे.

पिण्याबद्दल माझे मत काहीसे जपून आहे. अमेरिकेत अनेक जण याचा लहान पेला तसाच घशाखाली उतरवतात. मी तसे सांगणार नाही. आम्लाने दातांचे कवच झिजते आणि अन्ननलिकेला जळजळ होते. एक किंवा दोन लहान चमचे पेलाभर कोमट पाण्यात मिसळून जेवणानंतर घ्यावे, मागून साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच दात घासू नयेत. आम्लपित्त, अल्सर किंवा घशाशी येण्याचा त्रास असलेल्यांनी हे घेऊच नये. याने सर्दी बरी होते किंवा प्रतिकारशक्ती वाढते, असे मी कोणालाही सांगत नाही, कारण तसा भक्कम पुरावा नाही. मधाने खोकल्याला थोडा आराम पडतो, तिखटाने चोंदलेले नाक मोकळे वाटते, आणि थंडीत ते प्यायला छान वाटते. एवढ्यावर माझे समाधान आहे.

आपल्या वडिलांबद्दलचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. भाजी-आमटीतले आले-लसूण आणि रोज घेतलेला त्यांचा दाट अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लसूण, आले आणि हळद तिन्ही रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करू शकतात, आणि वॉरफरिनसारख्या गोळीचे प्रमाण फार बारकाईने ठरवलेले असते. म्हणून गोळी देणाऱ्या डॉक्टरांना हे पेय नेमके कशाचे आहे ते सांगून, त्यांनी होकार दिला तरच द्यावे. एखादी शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असेल, तर तेव्हा नकोच. त्यांना मधुमेहाची औषधे किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही चालू असतील, तर तेही त्याच भेटीत सांगावे, कारण नियमित घेतलेले व्हिनेगर रक्तातील साखर आणि पोटॅशियम यांच्यावर परिणाम करू शकते. दोन लहान चमच्यांत मधाची साखर दोन-अडीच ग्रॅमच असते, पण ती शून्य नाही.

मुलगी पाच वर्षांची आहे, म्हणून मधाची अडचण नाही. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध कोणत्याही रूपात, चाटणालाही, देऊ नये. मधातील बोट्युलिनमचे बीजाणू त्या वयाच्या आतड्यात रुजू शकतात, आणि पेयातले व्हिनेगर त्यांना मारत नाही. मुलीला हे तिखट पेय देण्याची गरज मला दिसत नाही. तिला खोकला असेल, तर रात्री झोपताना नुसता अर्धा चमचा मध पुरे. तरी तिला आपल्याबरोबर काही प्यायचेच असेल, तर मिरची आणि मोहरी वगळून आले, दालचिनी आणि तुळशीची लहान वेगळी बाटली याच प्रमाणाने मुरवावी आणि त्यातला अर्धा चमचा भरपूर पाण्यातून द्यावा.

नव्याने सुरुवात करताना जुनी बरणी सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी आणि ते गंजलेले झाकण टाकून द्यावे. राहता राहिला पिळलेला चोथा. तो टाकून देण्याजोगा नसतो. शीतपेटीत आठवडाभर राहतो, मिठाबरोबर वाटला की झणझणीत चटणी होते, आणि मासळीला किंवा पनीरला लावायला त्याच्यासारखे वाटण नाही. फक्त तो तेलात बुडवून बाहेर ओट्यावर ठेवू नये.